खालच्या गावावर अजाब आला होता का?

मुळशीला लोक पावसाळ्यात जातात, धबधब्याखाली उभे राहून फोटो काढतात आणि कणसं खाऊन परत येतात. आम्ही गेलो मे महिन्याच्या अखेरीला, ऐन उन्हात, कारण आम्हाला पाण्याखालचं बघायचं होतं आणि ते पाणी आटल्याशिवाय दिसत नाही.

आम्ही म्हणजे तिघं. माझी अम्मी: वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही गुडघे गेलेले, जीभ शाबूत. माझा थोरला भाऊ सलीम, ज्याला मी भाईजान म्हणते: एका कारखान्यात जन्म काढला, आता पाच वेळची नमाज आणि मोबाइलवरची प्रवचनं. आणि मी, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली, भूगावच्या फ्लॅटमध्ये राहणारी. गाडी मी चालवली, कारण भाईजानचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. तो शेजारच्या सीटवर बसून पायानं नसलेला ब्रेक दाबत होता.

जायचं कारण जरा सविस्तर सांगायला हवं. अम्मीची आई ज्या गावात जन्मली ते गाव मुळशीच्या धरणात गेलं. शंभर वर्षं होत आली त्याला. मुंबईला वीज हवी होती, मुळेच्या खोऱ्यात पाणी होतं आणि मधे गावं होती. लोकांनी सत्याग्रह केला, तुरुंगात गेले, शेवटी भिंत उभी राहिली आणि पाणी चढलं. आमच्या घरात त्या गावाला कायम “खालचं गाव” म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. आमची माणसं तिथले मुलाणी, म्हणजे गावच्या बलुतेदारांपैकी एक. जत्रेतलं बकरं बिस्मिल्ला म्हणून कापायचं, पीराच्या चौथऱ्यावर दिवा लावायचा आणि त्याबद्दल खळ्यावरचं धान्य आणि कापलेल्या बकऱ्यातला वाटा घ्यायचा. अम्मीचे नाना, इमामभाई, पाणी चढायच्या आदल्या वर्षी तापानं गेले. त्यांना तिथंच पीराच्या शेजारी दफन केलं. नानी एकटी पोर कडेवर घेऊन डोंगर चढून निघाली. ती कडेवरची पोर म्हणजे अम्मीची आई.

अम्मीनं नानांना कधी पाहिलं नाही. पण दर गुरुवारी संध्याकाळी उदबत्ती लावून घरातल्या गेलेल्या माणसांची एकेक करून नावं घ्यायची, त्यांच्यासाठी दुवा मागायची आणि पहिलं नाव इमामभाईंचं घ्यायचं, हे तिच्या आईनं तिला लावलेलं वळण. आम्ही लहानपणापासून ते नाव ऐकत आलो. मला वाटतं, या जगात ते नाव फक्त अम्मीच्या तोंडात उरलं होतं.

दोन वर्षांपूर्वी भाईजान एका बयानाला, म्हणजे धार्मिक प्रवचनाला गेला. विषय होता कुरआनात आलेल्या नष्ट झालेल्या लोकांचा. नूहचे लोक पुरात गेले, आद वादळात, समूद एका भयंकर आवाजात, लूतची वस्ती उलटीपालटी झाली, इजिप्तचा राजा फिरऔन समुद्रात बुडाला. घरी येऊन जेवता जेवता भाईजान म्हणाला, “आपलं खालचं गाव बुडालं, त्यालाही काही कारण असणारच. अल्लाह उगाच वस्ती बुडवत नाही. तो अजाब होता.” अजाब म्हणजे ईश्वरानं दिलेली शिक्षा. एवढं बोलून तो हात धुवायला उठला.

त्या गुरुवारपासून अम्मीनं इमामभाईंचं नाव घेणं सोडलं. नूहनं आपल्या बुडालेल्या मुलासाठी रदबदली केली तेव्हा त्यालासुद्धा समज मिळाली होती, हे तिला माहीत आहे. मग आपण कोण? ती उदबत्ती लावते, हात उचलते, पहिल्या नावाच्या जागी गप्प बसते आणि दुसऱ्या नावापासून सुरुवात करते. मला ते बघवत नाही. भाईजानचा मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर अजून थोडा आहे.

शेवटी मीच म्हटलं, कुरआनात ठिकठिकाणी सांगितलंय की जमिनीवर हिंडा आणि आधीच्या लोकांचा शेवट काय झाला ते बघा. घरात बसून ठरवा असं कुठं सांगितलंय? आणि आपलं तर दोन तासांवर आहे.

शनिवार: महाळुंगे, नांदे, पौड

अम्मी भाईजानकडे महाळुंग्याला असते, सतराव्या मजल्यावर. ती त्या घराला मचाण म्हणते. तिला खाली आणेपर्यंत अर्धा तास गेला, कारण एक लिफ्ट बंद होती आणि दुसरीत कुणाचं तरी कपाट अडकलं होतं. गेटाबाहेर समोरच एका नव्या टॉवरची जाहिरात आहे, पिढ्यान्‌पिढ्या टिकणाऱ्या घराची. मला बोलल्याशिवाय राहवेना. आद लोकांना त्यांच्या पैगंबरानं हेच विचारलं होतं, की प्रत्येक उंच जागी उगाच खुणा काय उभारता, आणि असे महाल बांधता जणू कायमचेच राहणार आहात.

“टोमणा कळला,” भाईजान म्हणाला. “पण आदला लिफ्टचा त्रास नव्हता.”

नांद्याच्या रस्त्याला एका बाजूला भाताची रिकामी खाचरं आणि दुसऱ्या बाजूला त्याच खाचरांचे चुना टाकून आखलेले प्लॉट. अम्मी काचेला नाक लावून बसली होती. पिरंगुटला मिसळ खाल्ली. भाईजाननं तर्री वेगळी मागितली, ती अम्मीनं स्वतःच्या ताटलीत ओतून घेतली आणि पुढची वीस मिनिटं उचक्या देत बसली. पौडच्या पुढे एक कातकरी बाई झाडाखाली करवंदं घेऊन बसली होती, पळसाच्या पानांच्या द्रोणात. अम्मीनं गाडी थांबवायला लावली.

“कुटली गं तू?”

“हितलीच, वर डोंगरात.”

“पान्याच्या वर का खाली?”

त्या बाईला प्रश्न कळला नाही. ती म्हणाली, “पानी टँकरचं येतं, आजी.” अम्मीनं दोन द्रोण घेतले आणि पुढचा सगळा रस्ता बोटं काळी करून घेतली.

शनिवार संध्याकाळ: तळ्याकाठी

उतरलो ते एका शेतकऱ्यानं घराशेजारी बांधलेल्या दोन खोल्यांत. जेवायला आंबेमोहोरचा भात, हरभऱ्याची आमटी आणि नाचणीची भाकरी. आमच्यासाठी कोंबडी आणायची का, असं मालकानं विचारलं, पण कापणार कोण हा प्रश्न आला आणि भाईजान आमटीवर खूश असल्याचं म्हणाला. पुण्यात हा प्रश्न येत नाही, तिथं तो ओळखीच्या दुकानातून किलोवर आणतो.

ओट्यावर बसलं की समोर तळं दिसतं. पाणी खूप खाली गेलं होतं. काठापासून पाण्यापर्यंत भेगाळलेली तांबडी-करडी जमीन, मधूनच दगडांच्या रांगा. त्या रांगा म्हणजे घरांची जोती, असं मालकानं सांगितलं. अम्मी आत खाटेवर पडली होती, दार उघडं होतं. आम्ही दोघं बहीणभाऊ हळू आवाजात भांडायला बसलो. लहानपणापासून आम्ही असेच भांडतो, आवाज न चढवता.

भाईजानचं म्हणणं असं: कुरआनात स्पष्ट आहे की लोक जुलमी असल्याशिवाय वस्ती नष्ट केली जात नाही. मी म्हटलं, “बरोबर. पण तू ते उलटं वाचतोस. पाऊस पडला की अंगण ओलं होतं. म्हणून अंगण ओलं दिसलं की पाऊसच पडला असं होत नाही. कुणीतरी बादली ओतली असेल. इथं तर बादली ओतणारा कोण ते सगळ्यांना माहीत आहे.”

“माणसाच्या हातून पण तोच करवतो.”

“मग सबाच्या लोकांचं बघ. त्यांनी कृतघ्नपणा केला म्हणून त्यांचा बांध फुटला आणि बागा गेल्या. आपल्या लोकांच्या भाताच्या खाचरात बांध बांधला म्हणून पाणी आलं. कुरआनात बांध बांधून बुडवलेलं गाव मला दाखव.”

भाईजान मूर्ख नाही, हे मी नमूद करते. त्याचा कारखाना एका सोमवारी अचानक बंद झाला, नंतर दोन वर्षांत वहिनी गेली. तेव्हापासून त्याला प्रत्येक गोष्टीला कारण लागतं. विनाकारण काही जातं हे त्याला सोसत नाही.

मग तो म्हणाला, “एक गोष्ट सांग. अजाब यायच्या आधी नेक माणसांना बाहेर काढलं जातं. नूहला नावेत बसवलं. लूतला रात्रीच निघायला सांगितलं. समूदच्या वेळी त्यांच्या पैगंबराला, सालेहला वाचवलं. मागं राहिले ते कोण? नानी निघाली. नाना तिथं राहिले.”

“ते मेले होते, भाईजान.”

“तेच म्हणतोय.”

आतून खाट वाजली. अम्मीनं कूस बदलली होती. तिनं ऐकलं हे आम्हा दोघांनाही कळलं, आणि भाईजाननं मान खाली घातली. त्याला ते बोलायचं नव्हतं, पण बोलून गेला होता.

रविवार: खालचं गाव

सकाळी लवकर अम्मीला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून मी आणि भाईजाननं ती खुर्ची उचलली आणि तळ्याच्या तळात उतरलो. वरून कोरडी दिसणारी जमीन खाली ओली असते, हे आम्हा पुणेकरांना कोण सांगणार? शंभरेक पावलांवर खुर्चीचे पुढचे दोन पाय गाळात रुतले, अम्मी पुढे कलली, मी मागं ओढली, आणि भाईजान गुडघ्यापर्यंत चिखलात गेला. त्याचा पांढरा पायजमा त्या दिवशी जो गेला तो गेलाच.

“ए! तिकडून नगा येऊ! गाळ हाय तितं!”

एक म्हातारा धनगर शेळ्या मागं टाकून धावत आला. त्याचं नाव धोंडीबा. खुर्चीसकट अम्मीला त्यानं आणि भाईजाननं दगडांच्या एका रांगेवरून नेलं. ती गावाची जुनी वाट होती. वाटेत जोती लागली, एक उखळ लागलं, अर्धं जातं लागलं. अम्मीनं त्या जात्याजवळ खुर्ची टेकवायला लावली, वाकून त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “चला.”

पुढे दगडी विहीर होती, काठ शाबूत. शेजारी चार बांबूंवर घोंगडं टाकून सावली केलेली, आणि तिथं धोंडीबाची बायको हौसाबाई चूल पेटवून बसली होती. त्यांची वस्ती वर डोंगरात आहे, पण उन्हाळ्यात पाण्यासाठी ते शेळ्या घेऊन इथं उतरतात. पाणी खाली गेलं की धोंडीबा विहिरीतला गाळ उपसतो, चार-पाच दिवसांत स्वच्छ पाणी लागतं. कुरआनात उजाड वस्त्यांचं वर्णन आहे, त्यात ओस पडलेल्या विहिरी आहेत. मी ते भाईजानला सांगणार होते, पण तो पायजमा पिळत होता.

हौसाबाईनं न विचारता चहा टाकला. शेळीचं दूध, साखर सढळ हातानं. स्टीलच्या पेल्यांतून तो आमच्या हातात दिला.

“प्या. पानी हिरीचं हाय, तळ्याचं न्हाई. लई गोड हाय.”

भाईजाननं पेला तोंडाजवळ नेला होता. तो तसाच खाली ठेवला. “मला नको.”

“का वो? घ्या की.”

“नको म्हटलं ना. मला चालत नाही.”

हौसाबाईचा चेहरा बदलला. “धनगराच्या हातचं चालत न्हाई व्हय तुमाला?”

मी भाईजानकडे बघितलं. आमच्या हातचं लोकांना चालत नाही, हे ऐकतच तो मोठा झालेला माणूस. आपल्यावर कधी कुणी उलटा तोच आळ घेईल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. त्याचे कान लाल झाले. “अहो तसं नाही, बाई. अल्लाहची कसम, तसं नाही,” असं तो तीनदा म्हणाला. मग त्याला खरं कारण सांगावंच लागलं. पैगंबर आपल्या साथीदारांबरोबर समूद लोकांच्या ओसाड गावावरून चालले होते तेव्हा त्यांनी तिथल्या विहिरींचं पाणी प्यायला मनाई केली होती. त्या पाण्यानं कणीक मळली होती तीसुद्धा उंटांना घालायला लावली. जिथं अजाब उतरला तिथलं पाणी प्यायचं नाही, म्हणून त्याला हा चहा नको होता.

“कोन समूद?” धोंडीबानं विचारलं. “कुटल्या गावचं?”

“अरबस्तानातले. फार जुने. डोंगर कोरून घरं करायचे.”

“लेन्यातलं म्हना की. मंग काय केलं त्यांनी?”

भाईजान खाली बसला. सांगायला लागला की तो छान सांगतो, हे त्याच्या प्रवचनांच्या नादात मी विसरले होते. त्या लोकांकडे अल्लाहनं खूण म्हणून एक उंटीण पाठवली होती. पाणवठा एक. ठरलं असं, की एक दिवस पाणी उंटिणीचं, एक दिवस गावाचं.

“बराबर हाय,” हौसाबाई म्हणाली. “पाळी लावायाच पायजे. न्हाई तर मारामाऱ्या हुत्यात.”

“त्यांनी ती उंटीण मारली.”

“का? गावाच्या पाळीला आली व्हती का?”

“नाही. तिच्या स्वतःच्या पाळीला.”

हौसाबाईनं कपाळाला हात लावला. “तिच्याच पाळीला मारली? मुक्या जनावराला? मंग देव गप बसंल व्हय? बरं झालं त्यांचं.” तिनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं आणि थोड्या वेळानं विचारलं, “पर आमच्या ह्या गावानं कुनाची उंटीन मारली, दादा?”

मी संधी साधली. म्हटलं, “आणि तिथलीच एक विहीर चालत होती, तेही सांग ना. उंटीण जिच्यावर प्यायची ती. तिचं पाणी घ्यायला परवानगी होती. इथं शेळ्या पितायत बघ.”

“शेळी म्हणजे उंटीण नाही,” भाईजान म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

या सगळ्यात अम्मी पेला दोन्ही हातांत धरून बसली होती. तिनं एक घोटही घेतला नव्हता. चहावर साय धरली होती. ती भाईजानकडे बघत होती, आणि तिला काय विचारायचंय ते मला दिसत होतं. तिच्या दृष्टीनं हा चहाचा नाही, नानांच्या नावाचा प्रश्न होता.

“पर तुमी हितं कशापायी आलाय?” हौसाबाईनं विचारलं. “फिराया का?”

“आमी हितलंच,” अम्मी म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदा नीट बोलली. “हितल्या मुलान्याचं.”

धोंडीबा उठून उभा राहिला. “इमाम मुलान्याचं?”

अम्मीच्या हातातला पेला कलंडला आणि थोडा चहा साडीवर सांडला.

धोंडीबानं इमामभाईंना पाहिलेलं नाही, त्याच्या बापानंही जेमतेम. पण दर वर्षी त्यांच्या वस्तीवर देवीचं बकरं कापतात, तेव्हा वाटे घालताना एक वाटा बाजूला काढून केळीच्या पानावर ठेवतात आणि मोठ्यानं म्हणतात, “ह्यो इमाम मुलान्याचा.” खालच्या गावात बकरं मुलाण्याच्या हातानंच कापलं जायचं आणि त्याचा वाटा ठरलेला होता. गाव गेलं, मुलाणी गेले, वस्ती डोंगरावर गेली, पण देवीपुढचा वाटा मोडायचा कुणाला धीर झाला नाही. वाटा मोडला तर देवी रागवेल, असं हौसाबाईची सासू सांगायची, आणि तिला तिच्या सासूनं सांगितलेलं.

“कापतं कोण आता?” भाईजाननं विचारलं.

“आमीच कापतो. तुमचं कोनच आलं न्हाई, काय करावं?”

“बिस्मिल्ला न म्हणता?”

“ते आमाला कुटं येतंय?”

भाईजाननं माझ्याकडे बघितलं. त्याच्या ओठांचे कोपरे हलायला लागले. “म्हणजे शंभर वर्षं मुलाण्यासाठी जो वाटा काढतायत तो मुलाण्याला चालणारच नाही!” आणि तो हसायला लागला. मीही. धोंडीबाला कळेना, त्याला समजावलं तेव्हा तोही हसला. वाट बघून झाली की तो वाटा वस्तीवरची म्हातारी माणसं खातात, असं त्यानं सांगितलं.

हौसाबाई हसली नाही. ती उठली, पाटीखाली झाकलेला कोंबडा काढला आणि भाईजानच्या हातात दिला. “आज तुमच्या हातनं हू द्या. चुकलंय ते नीट करा.”

माझ्या भावानं आयुष्यात कधी कोंबडी कापलेली नाही. तोंडानं सगळे नियम पाठ: सुरीला धार हवी, जनावराला सुरी दाखवायची नाही, सुरी एका दमात फिरवायची. कोंबड्यानं तेवढ्यात त्याच्या मनगटाला चोच मारली आणि सुटला. दोघं म्हातारे त्याच्या मागं जोत्याजोत्यांवरून धावले. एका पडक्या उंबऱ्याजवळ धोंडीबानं त्याला पकडलं. मग भाईजाननं हात धुतले, बिस्मिल्लाह अल्लाहु अकबर म्हटलं आणि केलं. नीट केलं.

कोंबडा शिजेपर्यंत उन्हं चढली. अम्मी खुर्चीतून तळ्याकडे बघत होती. पीराचा चौथरा आणि त्याच्या शेजारच्या कबरी अजून पाण्यातच होत्या. धोंडीबानं हात करून दाखवलं, तिथं नुसतं चमकतं पाणी होतं. यंदा तेवढं खाली जाणार नाही, असं तो म्हणाला. मला वाईट वाटलं. इतकं करून कबर दिसली नाही.

“बेबी,” अम्मीनं मला हाक मारली. “फिरऔनची मानसं बुडाली, त्यांचं काय ल्हिवलंय गं? कोन रडलं न्हाई त्यांच्यासाटी?”

“आसमान रडलं नाही आणि जमीनही रडली नाही.”

“आनि आदचं?”

“त्यांच्यातलं कुणी उरलेलं दिसतंय का, असं विचारलंय.”

“हं.” तिनं भाईजानकडे मान वळवली. “सलीम, ऐकलंस न्हवं? आनि ही बाई शंभर वरसं नाव घेऊन वाटा काढतीया.”

“ही बाई शंभर वर्षांची नाही, अम्मी.”

“हिची सासू. सासूची सासू. मला शिकवू नगंस. माज्याच घरात त्यांचं नाव बंद झालं. दोन वरसं. आनि हितं चालूच व्हतं.”

भाईजान तिच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसून राहिला, कोंबड्याचे रक्ताचे थेंब बाहीवर तसेच.

जेवण पळसाच्या पानांवर वाढलं. हौसाबाईनं पातेल्यातून पहिला वाटा काढला, निराळ्या पानावर ठेवला, “ह्यो इमाम मुलान्याचा” असं मोठ्यानं म्हणाली आणि ते पान भाईजानपुढे सरकवलं. रस्सा विहिरीच्या पाण्यातला होता. भाकरीचं पीठही त्याच पाण्यात मळलेलं. भाईजाननं ते सगळं पाहिलं होतं, तो चुलीजवळच बसला होता. त्यानं भाकरी मोडली, रश्शात बुडवली आणि खाल्ली. पानात काही ठेवलं नाही. मग कळशीतलं पाणी पेल्यात ओतलं आणि तो पेला आधी अम्मीला दिला. ती गटागटा प्यायली.

नंतर तिनं खुर्ची पाण्याकडे वळवून मागितली. गुरुवार नव्हता, उदबत्ती नव्हती. तिनं पदर सारखा केला, हात उचलले आणि पहिलंच नाव घेतलं: इमाम, वल्द बाबू, खालच्या गावचा मुलाणी. मग नानीचं, आईचं, अब्बांचं, वहिनीचं. मी आणि भाईजान तिच्या दोन बाजूंना हात उचलून उभे होतो आणि आम्ही दोघंही रडत होतो, हे लिहायला मला काही वाटत नाही. धोंडीबा आणि हौसाबाई थोडे मागं, डोक्यावरून पदर, हातात टोपी.

अम्मी थांबली तेव्हा हौसाबाई पुढे आली. जरा बिचकत म्हणाली, “म्हातारे, आमच्या आजेसासऱ्याला बी घ्या की त्यात. त्यो बी हितलाच.”

अम्मीनं हात तसेच ठेवले आणि भाईजानकडे बघितलं. त्याच्या हिशेबात हे बसत नाही, मला माहीत आहे. ज्यांनी कलमा म्हटला नाही, म्हणजे जे मुसलमान नाहीत, त्यांच्यासाठी अशी दुवा मागू नये, हे त्यानं मलाच कितीदा ऐकवलंय. शेळ्या विहिरीपाशी एकमेकींना ढकलत होत्या. भाईजाननंही हात खाली घेतले नव्हते.

“नाव काय त्यांचं?” त्यानं विचारलं.

“बिरू.”

अम्मीनं तोंड उघडण्याआधी ते नाव भाईजाननंच घेतलं.